डांबराखालच्या तीन पायऱ्या

आमच्या मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आता एक फलक लावलाय. माणसापेक्षा उंच, वर काच बसवलेला. त्यावर रस्त्याचा इतिहास लिहिलाय. कुठल्या राजाने रस्ता आखला, कुठल्या राणीची मिरवणूक इथून गेली, कमान कधी बांधली, दिवे कधी आले, ट्राम कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली. खाली कोपऱ्यात आमचा फोटो आहे. मी, आमचे हे आणि मागे दुकानातला मोठा आरसा. फोटोखाली छापलंय, 'या रस्त्यावरील जुने काचवाले आणि त्यांच्या पत्नी'. येणारे-जाणारे ते वाचतात, फोटो बघतात आणि मग दुकानात डोकावून ह्यांना सांगतात, "काका, फोटोत तरी ताठ उभं राहायचं होतंत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. पण दर माणसाला धरून कुठे सांगत बसू? म्हणून एकदाच सगळं सांगते.

त्या फलकावर राजे आहेत, राण्या आहेत, पण डांबर नाही. डांबराबद्दल एक अक्षर नाही! अहो, राजाने आमचं काय वाकडं केलं? तो बिचारा घोड्यावरून आला आणि गेला. आमचं जे काय वाकडं झालं ते डांबराने केलं. थोडं आमच्या सासऱ्यांनी. आणि खरं बोलायचं तर उरलेलं सगळं ह्यांनी स्वतःच्या हाताने.

मी ह्या दुकानात पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. मामाच्या कपाटाचा आरसा फुटला होता. मामा म्हणाला, चल, तुझी नजर बरी आहे. तेव्हा मोठ्या रस्त्यावर डांबर नव्हतं. चौकोनी दगड बसवलेले आणि त्यांतून ट्रामचे रूळ गेलेले. दुकानं सगळी रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. घोडागाड्यांच्या काळात रस्त्यावर चिखल आणि लीद असायची, ती आत येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी दुकानं उंचावर बांधली होती. म्हणजे त्या लोकांना डोकं होतं. जाताना ते पुढच्यांना देऊन गेले नाहीत, एवढंच.

पायऱ्या चढून आत गेलं की समोरच्या भिंतीत एक आरसा होता. जमिनीपासून निघून पार वर गेलेला, भिंतीतच बसवलेला. हा ह्यांच्या आजोबांनी बसवला होता. आलेलं गिऱ्हाईक आधी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघून घ्यायचं आणि मग कामाचं बोलायचं. मीही बघत होते, केस सारखे करत होते, तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. आरशात माझं डोकं संपलं तिथे त्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा होता. मी नजर वर नेत गेले, नेत गेले, तेव्हा कुठे चेहरा आला. मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. घरी जाताना मामाने विचारलं, "कसा वाटला आरसा?" मी म्हटलं, "उंच आहे."

लोक स्वभाव बघतात, घरदार बघतात. मी उंची बघितली. खोटं कशाला बोलू? चारचौघांत हा माणूस उभा राहिला की लांबून दिसायचा. कितीही गर्दी असो, चुकामूक व्हायची भीती नाही. रस्त्यावरचे सगळे ह्यांना 'खांब' म्हणत. खांबाच्या पलीकडे टोपीवाला, खांबाच्या अलीकडे पेढी, असे पत्ते सांगत. मला त्याचा राग नाही यायचा. उलट मी अशी चालायचे ह्यांच्या शेजारून, की विचारू नका.

लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी ट्राम बंद पडली. आता ट्राम बंद झाली तर रूळ उपटायला नकोत? नाही! एवढं कोण करणार? आले, त्यावर ही एवढी खडी ओतली, वर डांबर ओतलं, रोडरोलर फिरवला आणि गेले. सकाळी तीन पायऱ्या चढून दुकानात गेलेला माणूस चार दिवसांनी बघतो तो दोनच पायऱ्या. तिसरी गायब. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आपली पायरी गेली." ते म्हणाले, "बरं झालं. माझे गुडघे दुखतात."

सासरे माझे बुटके होते. ह्यांनी उंची घेतली ती आईकडून. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्यानेच घात केला.

मग कुठल्याशा देशाचा मोठा पाहुणा येणार म्हणून पुन्हा डांबर. जुनं खरवडून काढायचं असतं म्हणे, पण पाहुणा दारात आल्यावर खरवडतंय कोण? जुन्यावरच नवं. मग नळासाठी खणलं, बुजवलं, वर डांबर. गटारासाठी खणलं, बुजवलं, वर डांबर. निवडणूक आली, डांबर. निवडून आले, त्या आनंदात डांबर. एकेक पायरी अशी गिळत गिळत रस्ता आमच्या उंबऱ्याला येऊन भिडला, आणि एका पावसात रस्त्यावरचं पाणी सरळ दुकानात.

शेजारच्या टोपीवाल्याला काही फरक पडला नाही. त्याच्या टोप्या वर टांगलेल्या. खाली घोट्याएवढं पाणी आणि हा स्टुलावर पाय घेऊन पेपर वाचतोय. आमचं तसं नाही. काच आणि आरसे जमिनीवरच उभे करून ठेवावे लागतात. खालून ओल लागली की आरशाचा पारा जातो, काळे डाग पडतात आणि मग तो आरसा कुणी फुकटसुद्धा नेत नाही. सासऱ्यांनी आधी दारात वीतभर उंच विटांचा बांध घातला. त्याला अडखळून एक बाई नवाकोरा आरसा घेऊन रस्त्यावर पडली. बाई वाचली, आरसा वाचला नाही. तेव्हा सासऱ्यांनी बांध पाडला आणि दुकानाची जमीनच वर उचलायची ठरवली. दगडविटांचा भराव आणि वर फरशी.

मी म्हटलं, "बाबा, जमीन वर घेतलीत तर छत खाली येईल." छत उचलायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, मालक वेगळा. सासरे मधोमध उभे राहिले, एक हात सरळ वर केला, टाचा उंचावल्या, आणि म्हणाले, "लागतोय का तुळईला? नाही ना? मग भरपूर आहे."

आता त्यांचा हात तुळईला कसा लागेल? ते माझ्या खांद्याला लागायचे!

पण त्यांच्यापुढे बोलणार कोण? ह्यांच्या तोंडातून तर शब्द नाही. भराव झाला. भिंतीतला मोठा आरसा काढायला गेलं तर तडकला असता, म्हणून त्याच्यापुढे फळ्या लावून खालचा भाग तसाच पुरला. ह्यांचे केस तुळईला घासायला लागले. दोन-तीन डांबरांनंतर पुन्हा पाणी आत, पुन्हा भराव, पुन्हा सासऱ्यांचा हात वर, पुन्हा "भरपूर आहे". ह्या वेळी ह्यांचं कपाळ तुळईला लागायला लागलं. टेंगूळ उतरलं नाही तोवर दुसरं. मी तुळईला जुन्या उशीची गुंडाळी बांधली. आरशासमोर हे उभे राहिले की खांद्यापर्यंत दिसायचे, डोकं आरशाच्या वर. बिनडोक नवरा बघून मी हसायचे. तेव्हा हसायचे, हो.

सासरे गेले. मला वाटलं, आता सुटलो. रस्त्याचं पाणी पुन्हा उंबऱ्याला आलं तेव्हा ह्यांनी स्वतः फरशीवाल्याला बोलावलं. आणि किती भरायचं सांगितलं? आधीच्या दोन्ही वेळेपेक्षा जास्त!

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" मी विचारलं. "आधीच आपटताय."

"रस्ता पुन्हा चढणारच," हे म्हणाले. "दर वेळी कोण भराव घालत बसणार? पुढच्या दोन डांबरांची सोय आत्ताच करून टाकतो."

"डांबराची सोय करताय, आणि तुमची?"

"थोडं वाकायचं. त्यात काय एवढं?" आणि मग समजुतीने, जसं काही मीच अडाणी, "हे बघ, काच चौकटीत बसवायची तर ती चौकटीपेक्षा सूतभर कमीच कापावी लागते. अडून बसली की फुटते."

मी कपाळावर हात मारला. काचेचं ठीक आहे हो. काच काय, पुन्हा नवी आणता येते.

त्यानंतर काय झालं माहीत आहे? काही नाही! तो रस्ता एकदिशा केला, बस दुसरीकडून वळवल्या आणि महापालिका आमच्या रस्त्याला साफ विसरली. डांबर आलंच नाही. एक थर नाही, एक पाटी नाही. खड्डे पडले तरी कुणी फिरकलं नाही. आणि हा माणूस न आलेल्या डांबरासाठी जन्मभर वाकून उभा राहिला. तरणाताठा होता, केस काळे होते. सकाळी वाकून आत शिरायचा, हिरकणीने काच कापायची ती वाकून, गिऱ्हाइकाशी बोलायचं ते मान वाकडी करून, आणि बाहेर पडला की कंबरेवर हात ठेवून हळूहळू उलगडायचा. आधी लगेच उलगडायचा. मग कोपऱ्यापर्यंत जावं लागायचं. पुढे पुढे घर येईपर्यंत.

मी मागे लागले. अहो, ताठ उभे राहा. ताठ चाला. ताठ बसा. जेवताना, फिरताना, कुणाच्या घरी गेलो तर डोळ्यांनी खुणावून. डॉक्टरने तर तेव्हाच दरडावलं होतं की असेच वाकत राहिलात तर एक दिवस पाठ तशीच राहील. मी म्हटलं, दुकान बदलू. ह्यांना ते पटेना. जमीन खोदून खाली घेऊ म्हटलं, तर पाणी आत येणार. सगळीकडून कोंडी. लेक परगावी नोकरीला गेली, ती फोनवर हसायची. "आई, तू बाबांशी बोलताना 'ताठ उभे राहा' हे पूर्णविरामासारखं वापरतेस."

वापरते! माझं दुसरं मागणं काय होतं? साड्या मागितल्या का दागिने मागितले? हा माणूस त्याच्या स्वतःच्या दुकानात एकदा ताठ उभा राहिलेला बघायचा, एवढंच मागितलं होतं.

आणि मग गेल्या वर्षी इंजिनिअर बाई आल्या. आमच्या लेकीच्या वयाच्या, डोक्यावर पिवळं टोपडं, हातात मोजपट्टी. म्हणाल्या, "काकू, हा रस्ता आता फक्त चालणाऱ्यांसाठी. गाड्या बंद. सगळं डांबर काढून मूळ दगडी रस्ता मोकळा करायचाय. रूळसुद्धा खालीच आहेत म्हणे."

"म्हणजे रस्ता खाली जाणार?" मी विचारलं.

"बराच खाली."

"पाणी?"

"नवं गटार टाकतोय दोन्ही बाजूंनी. पाणी साचणार नाही."

त्या बाईला मी आत नेऊन चहा दिला, बिस्किटं दिली, पुन्हा चहा दिला. महापालिकेच्या माणसाला आमच्याकडे मिळालेला हा पहिला चहा. हे कोपऱ्यात काच पुसत बसले होते.

खणायला सुरुवात झाली. धूळ म्हणजे काय सांगू, रोज संध्याकाळी आरशांवर बोटाने नाव लिहावं इतकी. पण मी हूं की चूं केलं नाही. दारात उभी राहून बघत राहायचे. चराच्या कडेला डांबराचे थर दिसायचे, एकावर एक. मी इंजिनिअर बाईंना सांगायचे, हा चकचकीत दिसतोय ना, तो पाहुण्याचा. ह्याच्या खालचा पातळ, तो निवडणुकीचा, त्यात पैसे खाल्लेले. ह्या थराच्या वेळी आमची लेक झाली, मी तिला घेऊन आले ती ओल्या डांबरात चप्पल रुतवूनच. त्या हसायच्या. "काकू, तुम्हालाच फलकावर बसवायला हवं."

मग रूळ निघाले. गंजलेले, पण जागच्या जागी. दगड निघाले. आणि आमच्या दारासमोर खणता खणता एका दुपारी पायरी निघाली. मग दुसरी. मग तिसरी. मधोमध झिजलेल्या, त्याच. मी जाऊन सगळ्यांदेखत खालच्या पायरीवर बसले. मजूर म्हणाले, बाई, उठा, काम करू द्या. मी म्हटलं, थांबा जरा.

आता बघा गंमत. रस्ता गेला खाली आणि आमच्या दुकानाची जमीन राहिली वर. पायऱ्या चढून गेलं की दाराच्या जागी पुढ्यात मांडीएवढी उंच भिंतच, भरावाची. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "सोपं आहे. आतला भराव काढा. तुमची मूळ जमीन पायऱ्यांच्या लेव्हलला असेलच. आमची माणसं देते मदतीला."

माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं जे मागत होते ते आयतं दारात चालत आलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"नको," हे म्हणाले. "बाहेरून लोखंडी जिना लावू."

"काय?"

"भराव बाबांनी घातलाय. असू दे."

"तिसरा तुम्ही घातलाय!"

"काच उभी करायच्या लाकडी घोड्या, फडताळं, सगळं ह्या उंचीला बसवलंय. पुन्हा कोण हलवणार?"

"मी हलवते!"

"खाली ओल असेल."

"अहो, गटार टाकलंय नवं!"

"खणायचं नाही म्हटलं ना एकदा!"

हा माणूस आयुष्यात माझ्यावर ओरडला नव्हता. इंजिनिअर बाई बिचाऱ्या मोजपट्टी गुंडाळून निघून गेल्या. टोपीवाला त्याच्या दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा तुमच्या मित्राला." एरवी ह्याची जीभ दिवसभर टाळ्याला लागत नाही. त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरून टोप्या झटकत राहिला.

मी रात्रभर धुमसले आणि सकाळी किल्ली घेऊन ह्यांच्या आधी दुकानात पोचले. हातोडा घेतला, छिन्नी घेतली आणि कोपऱ्यातली पहिली फरशी उचकटली. हे आले तेव्हा माझ्याभोवती चार फरश्या आणि विटांचा ढीग होता. मला वाटलं, आता होणार तमाशा. पण ह्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या खड्ड्याकडे बघितलं. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि टोपीवाल्याकडे जाऊन बसले. म्हटलं, बसा. रुसायचं तेवढं रुसा. सरळ झालात की माझेच आभार मानाल.

इंजिनिअर बाईंनी माणसं दिली. सामान आम्ही पेढीवाल्यांच्या मागच्या खोलीत हलवलं. ह्यांचा भराव निघाला, मग बाबांचा दुसरा, मग पहिला. एकेका थराबरोबर छत वर वर जायला लागलं. खाली मूळची जमीन लागली, काळ्या दगडाची, गार. आरशापुढच्या कुजलेल्या फळ्या काढल्या. खालचा पारा गेलाच होता, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे डाग. पण वर आरसा लख्ख. मी जमीन धुऊन काढली, आरसा पुसला, तुळईची उशी सोडून फेकून दिली. आता ती तुळई इतकी उंच होती की मला त्यासाठी शिडी लागली.

मग मी दारात जाऊन हाक मारली. "अहो! या आता."

हे आले. तीन पायऱ्या चढले. दारात सवयीने मान आणखी खाली घातली, तसेच आत आले आणि मधोमध उभे राहिले. वाकलेलेच.

"अहो, सवय सोडा आता. ताठ व्हा."

हे नुसते उभे.

"छत बघा कुठे गेलंय!"

ह्यांनी मान तिरकी करून, एका बाजूने वर बघितलं. पक्षी बघतात तसं.

"उंच आहे," हे म्हणाले. आणि मग, "डॉक्टर म्हणाले, मणके धरलेत. आता सुटायचे नाहीत."

"कोण डॉक्टर? कधी?"

"झाली की दोन-तीन वर्षं. मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. हा होता बरोबर."

मी वळून बघितलं. पायरीवर टोपीवाला उभा होता. तो लगेच खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

"दोन-तीन वर्षं!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "रोज मी घसा फोडतेय, ताठ उभे राहा, ताठ उभे राहा. रोज! आणि तुम्ही ऐकून घेताय? एकदा तरी सांगायचं होतं, बाई गं, गप्प बस, ते आता होणार नाही!"

"तुला वाटायचं ना, छतामुळे आहे," हे म्हणाले. "छत वर गेलं की होईल असं. मग म्हटलं, असू दे छत."

म्हणून खणायचं नव्हतं ह्यांना. छत खाली होतं तोवर सगळं खापर छतावर फोडता येत होतं. आणि मीच, मीच हातोडा घेऊन फोडत बसले ते.

मी रडले. मग त्यांना नको नको ते बोलले. बाबांना बोलले, डांबराला बोलले, त्या पाहुण्याला, निवडून आलेल्यांना, सगळ्यांना एकेक करून शिव्या घातल्या. हे ऐकत उभे होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "चौकट मोठी मिळाली गं. पण काच कापून झालीय."

समोर आरसा होता. आम्ही दोघं त्यात पायापासून डोक्यापर्यंत दिसत होतो, पहिल्या दिवसासारखे. फक्त आता ह्यांचा चेहरा शोधायला मला नजर वर न्यावी लागली नाही. माझ्या चेहऱ्याशेजारीच होता. वर नुसतीच भिंत दिसत होती, केवढी तरी. ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, खिशातला काच पुसायचा फडका काढून पुढे केला. मी म्हटलं, "तो घाणेरडा आहे." आणि त्यालाच डोळे पुसले.

सुतार आला तेव्हा विचारायला लागला, आता छत उंच आहे तर कामाचं टेबल उंच करू का. मी म्हटलं, आहे तेवढंच राहू दे.

त्यानंतर काही दिवसांनी इंजिनिअर बाई फलकासाठी फोटो काढायला माणूस घेऊन आल्या. आम्हाला आरशासमोर उभं केलं. तो पोरगा चांगला होता, त्याला काय ठाऊक? कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "काका, जरा ताठ उभे राहा."

ह्यांनी सदरा नीट केला.

"थोडं अजून, काका. मान वर. ताठ."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते वाक्य माझ्याच तोंडचं होतं. दुसऱ्याच्या तोंडून मला ते ऐकवेना.

"ते ताठच उभे आहेत," मी म्हटलं. "काढा तुम्ही फोटो."